हॅलो, चादरी विभाग

ताईला सकाळी दहा वाजता घरी सोडणार असं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणून मी साडेनवापासून तिच्या खाटेशेजारी स्टुलावर, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बसले होते. साडेदहाला डॉक्टर आले, "आज घरी हं आजी" म्हणाले आणि गेले. अकराला कळलं की कागद तयार नाहीत. एकला कागद तयार झाले, पण त्यावर सही नव्हती. तीनला सही झाली, पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी वॉकरबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि त्या जेवायला गेल्या होत्या. साडेचारला मात्र अशी घाई सुटली की विचारू नका. खाटेवर यायला दुसरा पेशंट खाली येऊन थांबला होता. चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस दारात उभा राहून दर मिनिटाला "चला, चला" करत होता.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी माझ्या हातात चार कागद ठेवले आणि एका दमात वाचून दाखवले. ही गोळी सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, ही आठवड्यातून दोनदा, टाके दहा दिवसांनी, वजन टाकायचं पण फार नाही, काही वाटलं तर खाली नंबर आहे.

"समजलं ना?"

"हो," मी म्हटलं. काय समजलं होतं ते माझं मलाच ठाऊक.

ताई एकाहत्तर वर्षांची. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. लग्न केलं नाही. माझे मिस्टर गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान, त्यामुळे चौसष्टाव्या वर्षीही ती मला छोटी म्हणूनच हाक मारते. चौकात माझं कपडे अल्टर करायचं एवढंसं दुकान आहे: पँटची उंची, ब्लाउजची शिलाई, चेन बदलणं वगैरे. ताई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि अकरा दिवस माझं दुकान बंद राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर सगळ्या गोळ्या मांडल्या. एका बाजूला दवाखान्यातल्या नव्या, दुसऱ्या बाजूला ताईच्या डब्यातल्या जुन्या. ब्लडप्रेशरची एक गोळी ती आठ वर्षं घेत होती, पांढरी. नव्यांत एक गुलाबी होती, कागदावर तिच्यासमोरही 'रक्तदाबासाठी' असंच लिहिलं होतं. नावं अगदी वेगळी. पांढरी बंद करा असं कुठं लिहिलेलं नव्हतं. चालू ठेवा असंही नव्हतं. पांढरीचा तर उल्लेखच नव्हता.

मी नंबर फिरवला. वाजून वाजून कट झाला. पुन्हा लावला. पुरुषाचा आवाज आला.

"हॅलो, चादरी विभाग."

"अहो, मला अस्थिरोग वॉर्ड पाहिजे होता. पेशंटच्या कागदावर हा नंबर दिलाय."

"बाई, इथं चादरी, उशा, अभ्रे एवढंच मिळतं. रोज चारपाच फोन येतात. मी तरी काय करू?"

त्याने मला दुसरा नंबर दिला. तिथं एका बाईंनी "होल्ड करा" म्हणून मला बारा मिनिटं एक टुणटुण वाजणारी धून ऐकवली. मग तिसऱ्याच कोणीतरी उचलून विचारलं, "पेशंट दाखल आहे का?" मी म्हटलं, काल सोडला. "मग आमच्याकडे नाही," असं म्हणून ठेवला. पाचव्या खेपेला एक पोरगेला आवाज मिळाला. मी जीव तोडून दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. तो म्हणाला, "डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? मग तसंच द्या."

लिहून दोन्ही दिल्या होत्या. एक आठ वर्षांपूर्वी, एक काल. मी दोन्ही दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उठताना ताई म्हणाली, "छोटी, खोली फिरतेय गं." मी पोचेपर्यंत ती कपाटाच्या कोपऱ्यावर आदळली होती. कपाळाला खोक, ओठ पांढरेफटक. शेजाऱ्यांनी उचलून गाडीत घातलं. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने मला अडवलं.

"एकच जण आत. आपण कोण?"

"बहीण."

"सिस्टर? मग ओळखपत्र कुठंय?"

त्याही अवस्थेत ताईला हसू आलं. मला मात्र त्या माणसाची टोपी काढून त्याच्या हातात द्यावीशी वाटली.

ताईचं प्रेशर पार खाली गेलं होतं. हाड सुदैवाने जागेवर होतं. तरुण डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी वर्गात कॉपी करताना सापडले होते.

"ह्या दोन्ही एकच गोळ्या आहेत. कंपनी वेगळी. तुम्ही दोन्ही दिल्यात?"

"मला काय माहीत एकच आहेत ते? नावं वेगळी, रंग वेगळा!"

"विचारायचं ना."

पाच वेळा फोन केला होता मी. एका हाताने फोन, एका हाताने ताईच्या पेजेचं पातेलं. आणि हा मुलगा मला सांगतोय, विचारायचं ना.

दोन दिवसांनी पुन्हा सोडायची वेळ आली. पुन्हा तेच चार कागद. मी सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात ताईने माझा हात धरला. ती कागद वाचत होती. एक्स्चेंजमध्ये आलेला निरोप शेवटपर्यंत वाचायची तिची जुनी खोड.

"हे काय लिहिलंय? 'नातेवाइकांच्या चुकीमुळे औषधाची दुहेरी मात्रा.' खोडा हे."

"आजी, ते फक्त रेकॉर्डसाठी असतं," तरुण डॉक्टर म्हणाले.

"रेकॉर्डसाठी असतं म्हणूनच खोडा. माझ्या बहिणीने पाच फोन केले ते लिहा. चादरी विभागाने उचलला ते लिहा. मग मी जाते."

"आजी, खाट रिकामी करायचीय."

"मग लवकर लिहा."

मी तिला म्हटलं, "ताई, जाऊ दे ना. चल घरी." माझा जीव मेटाकुटीला आला होता. दुकानात अकरा पँटी, तीन फ्रॉक आणि एका नवरीचं ब्लाउज पडून होतं. पण ताई खाटेवर हाताची घडी घालून बसली. मोठ्या सिस्टर आल्या, वॉर्डचे मुख्य डॉक्टर आले, आणि शेवटी गुणवत्ता विभागाच्या प्रमुख म्हणून एक बाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात डायरी. त्यांनी मुकाट्याने सगळं ऐकून घेतलं आणि ते वाक्य बदलायला लावलं. 'घरी सोडताना जुन्या औषधांबद्दल सूचना दिलेल्या नव्हत्या' असं झालं. जाताना त्या म्हणाल्या, "आमची एक समिती आहे. पेशंटला घरी सोडण्याची पद्धत सुधारायची आहे. त्यात पेशंट आणि घरचे लोक हवेत. तुम्ही दोघी याल का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ताई म्हणाली, "येऊ."

पहिली बैठक तीन आठवड्यांनी होती. ती ज्या खोलीत होती, तिच्यापर्यंत लिफ्ट जात नव्हती. लिफ्टमधून उतरून पुढं अकरा पायऱ्या. खुबा मोडलेल्या पेशंटला बोलावलंय आणि खोली अशी! दोन शिपायांनी ताईला खुर्चीसकट उचललं. टेबलावर तिच्या जागी पाटी होती, 'रुग्ण प्रतिनिधी'. माझ्यासमोर पाटी नव्हती. माझ्यासाठी खुर्ची मागवावी लागली.

बैठक चालवणारे साहेब सतत हसत असत. ताईने पाच मिनिटांत त्यांचं नाव हसरे ठेवलं. हसरे साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली. एका वर्तुळाच्या मध्यभागी पेशंट, भोवती बाण. मग त्यांनी चोवीस पानांची एक गुळगुळीत पुस्तिका वाटली, 'घरी जाताना'.

"ही आपण पेशंटना देणार आहोत. आज तुमचं मत हवंय. मुखपृष्ठ निळं बरं की हिरवं?"

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं.

"आतलं कोणी वाचलं का, घरच्यांपैकी?" मी विचारलं.

"आतला मजकूर तज्ज्ञांनी अंतिम केलाय."

"म्हणजे आम्ही फक्त रंग सांगायचा."

"तसं नाही, तुमचा सहभाग फार मोलाचा आहे," हसरे हसत म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आयुष्यात कधी चारचौघांत बोललेली नाही, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. "साहेब, माझं साधं अल्टरेशनचं दुकान आहे. पँट दोन बोटं आखूड करायची तरी मी गिऱ्हाइकाला समोर उभं करते, टाचणी लावते, 'बघा, इथवर चालेल का' म्हणून विचारते. मग कात्री लावते. तुम्ही कापून, शिवून, इस्त्री करून आणलंत, आणि मला विचारताय बटण कुठल्या रंगाचं लावू!"

मोठ्या सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी खाली बघून ओठ दाबले. तेवढ्यात ताईने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं.

"हा नंबर तोच आहे," ती म्हणाली. "लावा बरं. आत्ता, सगळ्यांसमोर."

"आजी, तो नंबर चालू आहे, आम्ही तपासलाय."

"चालू आहे हो. उचलतं कोण ते बघू."

गुणवत्तेच्या बाईंनी आपला फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. नऊ वेळा घंटी वाजली.

"हॅलो, चादरी विभाग."

"मी वरच्या बैठकीतून बोलतेय," बाई म्हणाल्या. "हा पेशंटच्या मदतीचा नंबर आहे ना?"

"मॅडम, देवाशपथ सांगतो, तीन वर्षं मी हेच ओरडतोय! आधी इथं चौकशीचा टेबल होता. टेबल खाली गेला, फोन इथंच राहिला. काल एक आजोबा रडत होते फोनवर. मी त्यांना काय सांगणार, चादर देऊ का?"

हसरे पहिल्यांदाच हसायचे थांबले.

ताईने मग पिशवीतून आपली वही काढली. मलाही तिने सांगितलं नव्हतं. मी दुकानात असताना ती तीन आठवडे घरून फोन करत होती. एका रेघेत वार आणि वेळ, किती घंट्या वाजल्या, कोणी उचलला, काय म्हणाले, पुढं कुठं जोडला. एक्स्चेंजमधलं ते टपोरं, सरळ अक्षर. एकतीस फोन. त्यांतले चौदा कोणी उचललेच नाहीत. अकरा चादरीत गेले. उरलेले सहा इकडून तिकडे फिरत राहिले आणि त्यांतला एकच नर्सपर्यंत पोचला, तोही दुसऱ्याच मजल्यावरच्या.

"मी पस्तीस वर्षं लाइनी जोडल्या," ताई म्हणाली. "चुकीच्या ठिकाणी जोडलेली लाइन बंद लाइनीपेक्षा वाईट. बंद असली तर माणूस दुसरा रस्ता शोधतो. चुकीची असली तर त्याला वाटतं, आपण विचारलं."

मग मोठ्या सिस्टर बोलल्या. त्या इतकी वर्षं तिथं, पण समितीत त्यांनाही त्या दिवशीच पहिल्यांदा बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "घरी सोडायच्या वेळी मला एका पेशंटमागे आठ मिनिटं मिळतात. कागद हातात येतो तेव्हा गाडी खाली थांबलेली असते. मी 'समजलं ना' विचारते, ते 'हो' म्हणतात. मला दिसत असतं की समजलेलं नाही. पण पुढच्या खाटेवर सलाइन संपलेलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या तोंडाकडे बघूनही मला कळलं होतं."

मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली. मी पाणी प्यायले.

पुढं सगळं सरळ झालं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण एक टेलिफोन चादरींच्या खोलीतून उचलून वॉर्डात आणायला अडीच महिने लागले. आधी अर्ज, मग त्या अर्जाला नमुना, मग नमुना जुना निघाला. मधल्या एका बैठकीला आम्ही पोचलो तर ती रद्द झाली होती, हे सगळ्यांना कळवलं होतं, आम्हाला सोडून. मी ताईला म्हटलं, "आता बास. मी काही येणार नाही." घरी दोन दिवस आमचा अबोला होता. तिसऱ्या दिवशी ती वॉकर घेऊन एकटीच पायऱ्या उतरायला निघाली, तेव्हा मीच चप्पल घातली. मग काय करणार?

त्या अडीच महिन्यांत मोठ्या सिस्टर आणि आम्ही दोघींनी मात्र एक काम केलं. चार कागदांचा एक कागद केला. ताईने त्यातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून बघितली, जिथं अडखळली तिथं खूण केली. 'वजन मर्यादित प्रमाणात' याचा अर्थ कोणालाच धड सांगता येईना, फिजिओथेरपीवाल्या बाईंनाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'दुखरा पाय टेकवा, पण भार हातांवर घ्या.' मी हट्ट धरून एक चौकट घालून घेतली: घरातल्या जुन्या गोळ्यांपैकी बंद कोणत्या. आणि घरच्यांना आदल्या दिवशीच सांगायचं, डबा घेऊन या. ताईचा हट्ट वेगळा होता. एक्स्चेंजमध्ये नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचा नियम होता, तसं इथंही करायचं. 'समजलं का' विचारायचंच नाही. 'घरी गेल्यावर काय काय द्याल ते मला सांगा' असं म्हणायचं. तरुण डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. "एवढा वेळ कुठून आणायचा?"

"दोन दिवस खाट अडवून मी पडले होते, तो वेळ कुठून आणलात?" ताईने विचारलं.

नंतर तरुण डॉक्टरांनीच एका सकाळी गोळ्यांची चौकट भरून बघितली आणि म्हणाले की वरच्या बाजूला असती तर बरं. वर घेतली.

पुस्तिका तोवर छापून आली होती. हिरवी. दोन हजार प्रती, जुन्याच नंबरासकट. गुणवत्तेच्या बाईंनी कपाळावर हात मारला. एक अख्खी दुपार आम्ही सगळे त्या नंबरावर नव्या नंबराच्या चिठ्ठ्या डकवत बसलो. हसरे साहेबही बाह्या सरसावून बसले होते, आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाकड्या लागत होत्या.

नव्या पद्धतीने पहिल्यांदा एका पेशंटला सोडायचं ठरलं, तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला बोलावलं. "तुम्ही बाजूला बसा आणि बघा. जिथं त्या बाई नुसतं हो म्हणतील तिथं मला खुणवा."

पेशंट एक निवृत्त बसचालक होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांची बायको खाटेच्या कडेवर बसली होती, हातात गोळ्यांचा स्टीलचा डबा. सिस्टरनी डबा उघडून एकेक पाकीट कागदाशी ताडलं. दोन गोळ्या बंद झालेल्या निघाल्या, त्या वेगळ्या पाकिटात घालून वर मोठी फुली मारली. मग म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी यांना काय द्याल."

बाईंनी पहिल्या दोन बरोबर सांगितल्या. तिसरीपाशी थांबल्या. मग नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हो हो, कळलंय तिला सगळं." मी सिस्टरना खूण करणार होते, पण त्यांनी आधीच ओळखलं होतं.

"यांना राहू द्या. तुम्ही सांगा."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथल्या कोण?"

"कोणी नाही. मी पण इथून एकीला घरी घेऊन गेले होते. तीन दिवसांत परत आणावं लागलं."

बाईंनी पर्स उघडली आणि आतून रुमालात गुंडाळलेली एक पुडी काढली. "ह्या पण घेतात हे. झोपेच्या. शेजारच्यांनी दिल्यात. हेच म्हणाले होते, डॉक्टरांना सांगू नको." नवरा भिंतीकडे तोंड करून बसला.

दारात चाकाच्या खुर्चीवाला माणूस येऊन उभा होता. "चला, चला. खाली पुढचा पेशंट आलाय."

"थांब जरा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्याशेजारचं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि ती पुडी उजेडात धरून एकेक गोळी वाचायला लागल्या.